न कलणाऱ्या बोटीवर भरवसा किती?



अध्यक्षाने संपूर्ण क्षेत्राचा आढावा घ्यायचा, असा प्रघात आहे. तो आज मी मोडतो. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. लहान कॅटामरान, म्हणजे दोन हलांची (सांगाड्यांची) बोट, घेऊन समुद्रात गेल्यावर हवा बिघडू लागली, तर धोका किती आहे हे ठरवायचं कशावरून?

रुंदीच्या आधारावर तरणं आपल्याला नवं नाही. कोकणातल्या होडीची उलांडी तेच काम करते. मोनोहल, म्हणजे एकाच हलाची बोट, तळाशी लावलेल्या शिशाच्या वजनावर उभी राहते. वारा वाढला की ती कलते, कपाटातल्या कपबश्या खाली येतात, चहा करणारा शिव्या घालतो आणि शीड कमी करायची वेळ झाली हे सगळ्यांना आपोआप कळतं. कॅटामरान तक्रारच करत नाही. तिची सावरायची ताकद दहा-पंधरा अंशांच्या आसपासच कळसाला पोचते आणि मग उतरणीला लागते. म्हणजे एक हल पाण्यावेगळा होईपर्यंत तिने आपलं सगळं बळ खर्चून टाकलेलं असतं. नव्वद अंशांच्या आसपास ती पलटी होते आणि तशीच स्थिर राहते. २०१८च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात दर्यावर्दी अभिलाष टॉमींची ‘थुरिया’, आपल्या गोव्यातच बांधलेली बोट, लाटेने पूर्ण उलटीपालटी झाली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, पण वजनदार तळाने बोट पुन्हा सुलटी केली. कॅटामरानला ही दुसरी संधी नसते.

म्हणून माझं म्हणणं असं की कॅटामरानवर अंगाला काय वाटतं याला काडीची किंमत देऊ नये. निर्णय आकड्यावर घ्यावा, आणि तो आकडा धक्क्यावर असतानाच, डोकं शांत असताना ठरवावा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉटचा वारा ४० झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. यातली खरी मेख वारा पाठीमागून असताना असते. समजा वारा २८ नॉटचा आहे आणि बोट वाऱ्याबरोबर १० नॉटने पळते आहे. डेकवर तुम्हाला १८च जाणवतो. ऊन आहे, बोट सरळ आहे, पूर्ण शीड वर आहे, कोणीतरी फोटो काढतंय. तेवढ्यात पुढ्यात जाळं दिसतं किंवा सुकाणू हातातून निसटतं आणि बोट आडवी वळते. आता शिडावर किमान पूर्ण २८ नॉट, म्हणजे क्षणात जवळजवळ अडीचपट जोर. वाऱ्याआडच्या हलचं नाक पाण्यात घुसतं आणि बोट तिरकी कोलमडते. म्हणून वारा पाठीशी असताना शीड कमी करायचं ते जाणवणाऱ्या वाऱ्यावर नव्हे, खऱ्या वाऱ्यावर. जाणवणारा वारा अधिक बोटीचा वेग, ही बेरीज तोंडी करता येत नसेल, तर कप्तानाने खुशाल डेकवर खडूने लिहून ठेवावी.

आकाराचंही गणितच मांडावं लागतं. एकाच घाटाच्या दोन बोटी घ्या, एक दुसरीच्या दुप्पट लांब. वाऱ्याचा उलटवणारा रेटा मोठीवर आठपट, पण तिची सावरायची ताकद सोळापट. त्यामुळे पन्नास फुटी कॅटामरानवाल्याचा सल्ला पंचवीस फुटीवाल्याने जसाच्या तसा उचलू नये. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, त्याचा समुद्रच वेगळा असतो.

आता लाटेकडे येतो. न्यूझीलंडहून टोंगाला जाणारी वाट हजारभर सागरी मैलांची. १९८९च्या जूनमध्ये त्या वाटेवर ‘रोझ-नोएल’ ही तीन हलांची ट्रायमरान उलटली. शिडं उतरवलेली होती, तेव्हा वाऱ्याला फारसा दोष देता येत नाही. एका लाटेने काम केलं. चौघेजण त्या उलट्या बोटीला धरून ११९ दिवस वाहत राहिले, पावसाचं पाणी प्यायले, मासे खाल्ले आणि जिवंत किनाऱ्याला लागले. इतक्या धडधाकट माणसांची ही कहाणी लोकांना सुरुवातीला खरीच वाटेना. फुटणारी लाट बोटीच्या रुंदीएवढी उंच असेल आणि बोट तिला आडवी सापडली, तर शीड असो वा नसो, धोका आहेच. मग सी-अँकर, म्हणजे पाण्यात उघडणारी छत्री, टाकून नाक लाटेकडे ठेवायचं की ड्रोग, म्हणजे वेग रोखणारा अडसर, मागे ओढत पळायचं, हा वाद उद्याच्या सत्रात रंगेल. माझं मत विचाराल तर, जे साधन तुम्ही बऱ्या हवेत स्वतः टाकून, ओढून पाहिलंय, तेच चांगलं.

पाच वर्षांनी, १९९४च्या जूनमध्ये, त्याच वाटेवर ‘क्वीन्स बर्थडे’ वादळ आलं. टोंगाला एकत्र निघालेल्या ताफ्यातल्या आणि आसपासच्या बोटी त्यात सापडल्या. एकवीस जणांना वाचवलं गेलं. ‘क्वार्टरमास्टर’ ही मोनोहल तिघांसह गेली. त्या वादळात ‘रामथा’ आणि ‘हार्ट लाइट’ या दोन कॅटामरानही होत्या आणि दोन्ही उलटल्या नाहीत. ‘रामथा’चं सुकाणू निकामी झालं, तिच्यावरच्या दोघांना न्यूझीलंड नौदलाच्या ‘मोनोवाई’ जहाजाने दोरीने पाण्यातून ओढून घेतलं, आणि रिकामी बोट नंतर तरंगत सापडली, तीही सुलटी. आपले कॅटामरानप्रेमी हा दाखला फार आवडीने देतात. दोन बोटींवरून सिद्धान्त मांडू नये, एवढंच मी त्यांना सांगतो. त्या दोन बोटी त्या रात्री टिकल्या, यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

मला त्या घटनेत वादळापेक्षा निघण्याची तारीख जास्त खुपते. भरवशाचा अंदाज चार-पाच दिवसांचा, प्रवास आठ-दहा दिवसांचा. म्हणजे निम्मी वाट अंदाजाच्या पलीकडेच होती. अशा वेळी दिवस ठरवावा लागतो हवामानाकडे बघून. पण ताफा म्हटला की निरोप समारंभ आला, पलीकडे स्वागत आलं, कुणाची रजा, कुणाच्या विमानाची तिकिटं. “सगळे निघालेत, मी एकटाच मागे कसा राहू?” हा प्रश्न बॅरोमीटरवर दिसत नाही, पण मी तो धोक्यांच्या यादीत सगळ्यात वर धरतो. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचे ढग दिसत असूनही शनिवारची शर्यत रद्द करताना संयोजकांची जीभ जड होते, त्यामागे हेच असतं. मागच्या वेळी निभावलं होतं, हा युक्तिवादही तेव्हाच पुढे येतो. निभावलं म्हणजे निर्णय बरोबर होता असं नव्हे. वारा दहा नॉटने कमी निघाला असेल.

आपल्या क्लबांत जिंकलेल्या करंडकांच्या नोंदी असतात. न निघालेल्या फेऱ्यांची नोंद मात्र कुठेच नसते: कोणत्या दिवशी, कोणत्या आकड्यावर, कोणी थांबायचं ठरवलं, आणि नंतर प्रत्यक्षात हवा कशी निघाली. अशी वही प्रत्येक क्लबने ठेवावी आणि अर्ध्या वाटेतून परतलेल्यांनीही तीत लिहावं, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. थांबणं दहापैकी सात वेळा फुकट गेलं असं त्या वहीतून दिसलं, तरी मला चालेल. निदान मग आपल्याला आकडा कुठे ठेवायचा यावर पुराव्यानिशी भांडता येईल. ठरावाला विरोध करणाऱ्यांची नावं आत्ताच माझ्या कानावर आली आहेत. त्यांनी जेवून झोपी जाऊ नये, अडीच वाजता सभागृहात हजर राहावं, ही विनंती.