लक्ष असू द्या

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



‘रोजच्या जगण्यातलं अध्यात्म’ या विषयावर बोला, असं समितीनं सांगितलं. मी काही कीर्तनकार नाही. पण सोलापूरकराला या विषयासाठी लांब जावं लागत नाही.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना आपण योगी म्हणतो. पण परंपरा सांगते, की त्यांनी माणसं गोळा करून तळं खोदलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. शरणांच्या परंपरेत ‘कायक’ असा शब्द आहे. प्रामाणिकपणे केलेलं काम हीच पूजा, असा त्याचा अर्थ. म्हणजे मातीची पाटी उचलणं हीसुद्धा पूजाच!

तिकडं माढा तालुक्यात अरणला सावता माळी झाले. पंढरपूर एवढं जवळ, पण ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असं सांगतात. १२९५ साली त्यांनी देह ठेवला, तोही अरणलाच. आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला त्यांच्या भेटीला येते. भक्त गेला नाही, तर देव निघाला! वाफ्याला पाणी देताना ज्याचं लक्ष वाफ्यावर आहे, त्याच्याकडं देव स्वतः चालत येतो, असा मी याचा अर्थ घेतो.

आता आपल्या मळ्यात, म्हणजे सोसायटीत येऊ. आपल्याकडं काही दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं, की मोटर लावायची, टाकी भरली की पळत जाऊन बंद करायची. हे काम २५ वर्षं कुणी ना कुणी करत आलंय. त्यांचा कधी सत्कार झाला नाही. माझ्या मते हेच कायक.

आणि आनंद? तोही इथंच आहे. मे महिन्यात दिवसभर भाजून निघाल्यावर रात्री गच्चीवर लागलेली वाऱ्याची पहिली झुळूक. खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटल्याचा आवाज आला, की ‘आज वाटी येणार’ ही खात्री. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी बाराबंदी घालून जिना उतरणारी पोरं. याला पैसे पडत नाहीत. फक्त तिकडं लक्ष पाहिजे.

या लक्षाची किंमत आपण एकदा पाहिली आहे. आपल्याकडं एकट्या राहणाऱ्या एक काकू आहेत. मुलगा पुण्याला. एका सकाळी नऊ वाजले, तरी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. जिना झाडणाऱ्या मावशींनी ती पाहिली. ‘काकू सातलाच पिशवी आत घेतात’, म्हणून त्यांनी शेजारचं दार वाजवलं. शेजाऱ्यांकडं किल्ली होती. आत काकू न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, रात्रीपासून उठता येत नव्हतं. वेळेत दवाखान्यात नेलं. आज त्या काठी टेकत पहिल्या रांगेत येऊन बसल्यात, आणि मी त्यांची गोष्ट सांगतोय म्हणून माझ्याकडं डोळे वटारतायत!

मावशींनी त्या दिवशी कुठलं व्रत केलं नव्हतं. त्या रोजच्यासारखा जिना झाडत होत्या. पण त्यांचं लक्ष होतं.

२५ वर्षांपूर्वी आपण इथं आलो, तेव्हा दारं उघडी असायची. पोरं कुणाच्याही घरी जेवायची. आता पोरं पुणे, हैदराबाद, अमेरिकेला गेली. बऱ्याच घरांत दोघंच उरलेत, काही घरांत एकटंच कुणी. दारं बंद, आत टीव्ही चालू. म्हणून रंगरंगोटी आणि लिफ्टच्या आधी एक मागणं आहे. सकाळी खाली उतरताना आपल्या मजल्यावरच्या दारांकडं एक नजर टाका. पेपर, दूध आत गेलंय का? नसेल तर बेल वाजवा. फार तर काय होईल, चहा प्यावा लागेल!

आपण देवापुढं हात जोडून म्हणतो, ‘देवा, लक्ष असू दे.’ गावाला जाताना शेजाऱ्यालाही म्हणतो, ‘घराकडं लक्ष असू द्या.’ शब्द तेच. बऱ्याचदा पहिली प्रार्थना दुसऱ्याच्या हातूनच पूर्ण होते.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. लक्ष असू द्या. नमस्कार.