गुमताऱ्यावरचे टाके

भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांततेची भीती वाटते. यंत्रमागांची खडखड चालू असली, की सारे ठीक आहे असे आम्ही समजतो. मे १९८४ च्या दंगलीत माग थांबले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. संचारबंदीतली ती शांतता कानात बसली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरुजींनी आम्हा बारा मुलांना दुगाडजवळच्या गुमतारा किल्ल्यावर नेले. अम्मी पाठवायला तयार नव्हती. अब्बा एवढेच म्हणाले, "जाऊ दे त्याला." उन्हे कलता कलता कारवीतून वर पोहोचलो. कातळात खोदलेल्या टाक्यात पावसाचे गार पाणी होते. माझ्याच बाकावरचा, पण दंगलीपासून न बोललेला मित्र वाकला, त्याने तांब्या भरला आणि आधी माझ्या ओंजळीत ओतला. बोललो काहीच नाही. सूर्य तुंगारेश्वराच्या डोंगरामागे उतरला. कुठे एकही माग ऐकू येत नव्हता, तरी त्या संध्याकाळी मला भीती वाटली नाही.

आता आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले. पाऊस सरला, की त्याचा फोन येतो, "काय रे, गुडघे काय म्हणतात? जायचे का टाक्यावर?" मागांच्या खडखडाटात मला ओरडून उत्तर द्यावे लागते. यंदा मी 'हो' म्हटले आहे.