शाळेचीही उगवण तपासा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रायगडच्या किनाऱ्यावरचा, अलिबागच्या खारेपाटातला माणूस. आमच्याकडे कापूस नाही, ज्वारी नाही. आमच्याकडे भात, आणि त्या भाताला समुद्राच्या पाण्यापासून वाचवणारे बांध. दापोलीला शेतीची पदवी घेतली, काही वर्षं गावोगाव सल्ले देत फिरलो, आता संघटनेचं काम करतो. तुम्ही मला कापसावर बोलायला बोलावलंत. पण दुपारी पंगतीत चौघांनी कापसाचं काही विचारलंच नाही. विचारलं ते असं : "भाऊ, पोराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवू, की तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू?" म्हणून आज त्यावरच बोलतो.

घरच्या ज्वारीचं बी पेरण्याआधी तुम्ही काय करता? शंभर दाणे मोजता, ओल्या गोणपाटात गुंडाळता, चार-पाच दिवसांनी उलगडून कोंब मोजता. पंचाहत्तर आले तर पेरता. कमी आले तर बी वाढवता, नाहीतर बदलता. हे शहाणपण आपण ज्वारीला लावतो आणि पोराच्या शाळेला लावत नाही. तिथं आपण पिशवीवरचं चित्र बघतो. टाय, बूट, पिवळी गाडी, फाटकावरची रंगीत कमान. कापसाच्या पिशवीवर बोंडांनी लगडलेलं झाड असतं. आपल्या वावरात तसं झाड कितीदा आलं?

ही चूक मीही केली आहे, पदवी असून केली आहे. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. फी आणि गाडी धरून वर्षाला २४,००० रुपये जायचे. तुमच्या हिशोबात सांगतो : २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका पोरामागं दरसाल तीन क्विंटल कापूस, तोही पूर्ण हमीभाव पदरात पडला तर! मुलगी तिसरीत गेली. घरी पाहुणे आले की इंग्रजी कविता धडाधड म्हणायची. एक दिवस मी त्याच कवितेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं, म्हटलं, बाळा, याचा अर्थ काय? तिनं खाली मान घातली. मग आजीनं लग्नाची पत्रिका वाचायला दिली. तीही अडखळली. ना इंग्रजी कळलं, ना मराठी वाचता आलं. दोष पोरीचा नव्हता. मी तीन वर्षांत एकदाही गोणपाट उलगडून पाहिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सरकारी शाळा चांगली असं सांगायला आलात का? नाही. तेही डोळे मिटून म्हणू नका. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशभरच्या खेड्यांत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी निम्म्याहून थोडी कमीच निघाली. त्यात सरकारी शाळांची मुलं होती आणि खासगी शाळांचीही होती. म्हणून पाटी कुठली ते बघू नका. उगवण तपासा. कशी, ते सांगतो.

पहिली गोष्ट, शाळेत साध्या दिवशी जा. पंधरा ऑगस्टला नको, पाहुणे यायच्या दिवशी नको. प्रार्थना झाल्यावर जा आणि शिक्षक मोजा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, असं त्यात लिहिलं आहे. वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असंही लिहिलं आहे. पट किती, शिक्षक किती, त्यातले आज वर्गात किती, हे मोजायला पदवी लागत नाही. चार इयत्ता एका खोलीत बसल्या म्हणून शाळा वाईट ठरवू नका. गुरुजी एका इयत्तेला शिकवत असताना बाकीच्या तीन काय करतात, ते बघा. कामाला लागलेल्या असतील तर गुरुजी पक्के आहेत.

दुसरी गोष्ट, पोराला वाचायला लावा. तिसरीच्या पोरापुढं दुसरीच्या पुस्तकातलं न शिकवलेलं पान धरा. शिकवलेला धडा तोंडपाठ असतो, तिथं फसाल. मग ५२ मधून २७ वजा करायला सांगा. हातचा कळला की नाही ते दिसेल. चौथीच्या पोराला विचारा, वेचणी किलोला दहा रुपये, आईनं सदतीस किलो वेचला, तर पैसे किती? एका पोरावर निकाल देऊ नका. एका दाण्यावर कोणी उगवण ठरवत नाही. पाच-सहा पोरं घ्या, हुशार आणि मागं बसणारी, दोन्ही.

तिसरी गोष्ट, वही उघडा. लाल शाईची शेवटची तारीख कुठली? चुकीच्या उत्तरावरही बरोबरची खूण आहे का? असेल तर गुरुजींनी वही वाचलेली नाही.

चौथी गोष्ट मायबहिणींनी बघावी. मुलींच्या संडासाला कडी आहे का, आत पाणी आहे का? पोरगी मोठी झाली की शाळा सुटते, ती पुष्कळदा इथंच सुटते. खिचडीच्या वेळेला जाऊन बसा. पाचवीपर्यंत पोरामागं रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवी १५० ग्रॅम, हा हिशोब आहे. ताटात तो दिसतो का, बघा.

पाचवी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात चारात तीन सभासद पालक लागतात आणि निम्म्या बाया लागतात. आपल्या गावात अध्यक्ष कोण, शेवटची बैठक कधी झाली, ठरावाची वही कुठं आहे, हे आजच्या सभेत किती जणांना सांगता येईल? हात वर करा. बघा! बाजार समितीची निवडणूक आली की आपण रात्री जागवतो.

आणि एक गोष्ट आपल्याला झोंबणारी. वेचणी सुरू झाली की हजेरीपटात कोणाच्या पोरांपुढं गैरहजेरी पडते? आमच्याकडं कातकरी माणसं वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर जातात. त्यांना मागं ठेवायला घर नसतं. तुमच्या-माझ्या पोराला घर आहे. शाळेची परीक्षा घेताना आपलीही घ्या.

ही शाळा आपल्याला कुणी दान दिलेली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी मांडलं, की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर त्यातलं फार थोडं खर्च होतं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. देशभरचा कायदा लागू व्हायला १२८ वर्षं लागली. आमच्या चरी गावची कुळं १९३३ ते १९३९ जमिनी न कसता बसली, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. त्या कुळांतल्या बहुतेकांना अंगठा उठवण्यापलीकडं काही येत नव्हतं. खोताच्या वहीत आपल्या नावापुढं काय लिहिलंय, हे वाचता न येण्याचं दुःख आमच्या म्हाताऱ्यांना पुरेपूर ठाऊक होतं.

माझ्या मुलीचं पुढं काय झालं? शेजारच्या गावात जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा होती. तिथल्या पोरांची मी हीच परीक्षा घेतली. सहापैकी पाच पोरांनी न शिकवलेलं पान वाचलं. शाळेचे पत्रे २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर बदललेले, कमान नाही, टाय नाही. मुलगी तिथं घातली. वर्षभरात ती आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. मग एका गुरुजींची बदली झाली आणि आठ महिने जागा रिकामी. काही पालक दाखले काढायला निघाले. त्यांना थांबवलं, पट आणि तारखा कागदावर लिहिल्या, आणि तीस-पस्तीस आईबाप पंचायत समितीत जाऊन बसलो. तीन खेपा झाल्या, तेव्हा शिक्षक आले.

आमच्या खारबांधाला खांड पडली, की ती बुजवायला गावच्या प्रत्येक घरातला माणूस लागतो. ज्याला परवडतं तो आपलं बिऱ्हाड उचलून गेला, तर उरलेल्यांच्या शेतात खारं पाणी शिरतं. शाळेचं तसंच आहे. ऐपतीचा पालक निघतो, मागून दुसरा निघतो, पट उतरतो, शिक्षक कमी होतो आणि ज्याच्याकडं गाडीभाडं नाही त्याचं पोर रिकाम्या शाळेत राहतं.

तरीही विचारून, भांडून, वर्षभर वाट बघून शाळा सुधारली नाही, तर पोराला खुशाल हलवा. पोराचं वर्ष परत पेरता येत नाही. पण जिथं न्याल, तिथंही हेच पान धरा, हीच वजाबाकी घाला.

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक गावातून पाच आईबाप शाळेत जा. शिक्षक किती, वाचणारी पोरं किती, समितीची शेवटची बैठक कधी, एवढं कागदावर लिहा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. कापसाच्या भावाचं त्या दिवशी बोलू. कागद न आणणाऱ्या गावाला मात्र पहिल्यांदा शाळेचंच विचारीन.