राजपुरीच्या खाडीत, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी

आज मागे जरा खरखर ऐकू येईल. इकडे असोद्यात ऊन सुरू झालंय आणि पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे अंगाचं पाणी पाणी होतं. म्हणून पंखा चालू ठेवलाय, सांभाळून घ्या.

परवा यावलच्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. 'दादा, आम्ही पाच जण मार्चमध्ये मुरूड-जंजिऱ्याला चाललोय, छोटी होडी करून खाडीत फिरायचंय, दुपारी पोचू, चालेल ना?' त्याला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण मला माझाच एक दिवस आठवला. त्या दिवशी मी एका शहाण्या माणसाला घाई केली होती. ते आजवर या माइकसमोर बोललो नव्हतो. आज बोलतो.

आधी एक सांगू द्या. मी असोद्याचा. जळगावपासून पाच-सहा किलोमीटर. बहिणाबाईंचं माहेर म्हणून गाव सगळ्यांना माहीत, आणि भरिताच्या वांग्यांसाठी. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर विहीर येते, पाटचारी येते, फार तर तापी. तापीत कमरेएवढ्या पाण्यात डुंबण्याला मी वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत 'मला पोहता येतं' असं म्हणायचो. आजीला सांगितलं की कोकणात होडीतून फिरायला चाललोय, तर ती म्हणाली, "तठी समिंदरात काय तुही शाळा सुटली का रे?" याला आमच्याकडे आशीर्वाद म्हणतात.

पुण्यात माझा रूममेट होता, मुरूडजवळच्या एकदऱ्याचा. एकदरा म्हणजे कोळीवाडा. होळी तिकडे काय असते ते बघायला त्यानं बोलावलं, आणि बघितली बुवा. तो वेगळा भाग करावा लागेल. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्याचे काका म्हणाले, चला, तुम्हाला राजपुरीची खाडी फिरवून आणतो. पैसे-बिसे काही नाही, घरचे पाहुणे म्हणून. होडी फायबरची, मागे छोटं इंजिन लावलेलं, आम्ही तिघं मित्र आणि काका.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुरूड गाव, त्याच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी एकदरा. तिथून किनाऱ्यानं खाली आलं की डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं आहे. ते वळसा घालून ओलांडलं की राजपुरीची मोठी खाडी उघडते. तिच्या तोंडावरच जंजिरा. आत डावीकडे राजपुरी गाव, पुढे आगरदांडा, आणि समोरच्या काठाला दिघी. आगरदांडा ते दिघी गाड्या नेणारी फेरी चालते, तिला तिकडे सगळे 'जंगल जेट्टी' म्हणतात. तिथे जंगल शोधू नका, मी शोधलं होतं. आणि मुरूडसमोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला पद्मदुर्ग. म्हणजे एकदऱ्याहून निघून खाडीत शिरायचं तर मध्ये थोडा उघडा समुद्र लागतोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सकाळी काकांनी विचारलं, आज तिथी काय? मी फोन काढला. ते हसले. म्हणाले, द्वितीया. दोनाची पाऊणपट किती? दीड. दीड वाजता भरती पूर्ण.

मंडळी, हे मला कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटलं. आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालतो. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसाची एक आणि रात्रीची एक. मध्ये साधारण सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतं, पण होडी ढकलायला तेवढं पुरतं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, पाणी त्याच्या मागं मागं चालतं, एवढंच त्यामागचं गणित. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याचा फारसा जोर नसतो. आपण होळीच्या पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी निघालो होतो. म्हणजे ऐन उधाण.

सातच्या सुमाराला ओहोटी. खाडीत पाणीच नाही, होड्या चिखलावर कलंडलेल्या. काकांनी आमची होडी आदल्या रात्रीच बाहेर नांगरून ठेवली होती. गुडघाभर चिखल तुडवत तिथवर गेलो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे. आणि काकांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा आत यायला पाणी राहणार नाही, त्याच्या आत परतायचं.

सकाळ एकदम मस्त. जमिनीकडून हलका वारा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे होते, आठवतं? रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे, तो खारा. मी ते दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. इथे ते गालाला लागत होतं. फक्त त्या दिवशी आकाशात मळभ होतं, आणि आठ वाजायच्या आतच मतलई पडली. काका एकदा पश्चिमेकडे बघून नुसतं 'हं' म्हणाले. मी विचारलंही नाही.

पद्मदुर्ग लांबून बघितला, मग जंजिरा. त्याचा मोठा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. नुसती भिंत, आणि मग भिंतीतून दरवाजा निघाल्यासारखा निघतो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात भराव टाकून तिथवर रस्ता करायचा प्रयत्न केला होता. होडीत बसून ते अंतर आणि मधलं पाणी बघितलं की त्या प्रयत्नाचं वजन कळतं. राजपुरीहून प्रवाशांना घेऊन शिडाच्या होड्या निघत होत्या. आवाज नाही, धूर नाही, शीड भरलं की सरळ किल्ला.

मग भरतीच्या पाण्याबरोबर आत गेलो. आगरदांडा, पुढे खाडीचा अरुंद भाग, खाजणं, बगळे. दिघीला काकांच्या ओळखीच्या घरी भात आणि बांगडा. इथवर सगळं फोटोतल्यासारखं. माझ्याकडे ऐंशी फोटो आहेत आणि एकाही फोटोत माझ्या अंगात लाइफ जॅकेट नाही. होतं की. मी त्यावर बसलो होतो. फळी टोचत होती म्हणून.

जेवणं लांबली. पावणेतीन वाजले. काठावर आलो तर नारळाच्या झावळ्या सगळ्या एका दिशेला. वायव्येचा वारा, चांगला सणसणीत. काका म्हणाले, "आता एकदऱ्याला जावाचा नाय. राजपुरीला होडी लावू, रिक्षानं घरी जाऊ. उद्या सकाळी होडी नेऊ."

आणि मी बोललो. माझी रात्रीची गाडी होती पनवेलहून. मी म्हणालो, काका, खाडीत तर शांतच दिसतंय, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, बघू तरी. मित्रानं माझ्याकडे रागानं बघितलं. पण पाहुणा बोलला ना. काकांनाही होडी दुसऱ्याच्या जेट्टीला ठेवायची नव्हतीच. ते म्हणाले, किल्ल्यापर्यंत बघू. मी फिर म्हटलं की फिरायचं, मग कोणी बोलायचं नाय.

आता बघा काय झालेलं होतं. भरती दीडला संपली. तीन वाजता ओहोटी जोरात सुरू, उधाणाची ओहोटी. एवढ्या मोठ्या खाडीतलं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पळतंय. आणि वारा समोरून आत येतोय. पाणी बाहेर, वारा आत. अशा ठिकाणी लाट लांब पसरत नाही, ती आखडते आणि उभी राहते. दोन लाटांमधलं अंतर कमी होतं. छोट्या होडीला उंच लाटेपेक्षा हे वाईट. एका लाटेवरून उतरून नाळ वर येईस्तोवर दुसरी तोंडावर. आत दिघीच्या काठावरून हे दिसतच नाही. आतून सगळं शांत. मी 'शांत दिसतंय' म्हणालो ते खोटं नव्हतं, मी चुकीच्या ठिकाणी उभा राहून बघत होतो.

किल्ला ओलांडला आणि पहिला तडाखा बसला. नाळेवरून पाणी सरळ मांडीवर. मग दुसरा. मागची बाजू उचलली गेली की इंजिनाचा पंखा पाण्याबाहेर यायचा आणि इंजिन किंचाळायचं. मित्र कापलेल्या ऑइलच्या डब्यानं पाणी उपसायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी जॅकेट अंगात घालायला बघत होतो आणि बक्कल लागत नव्हतं, कारण दोन्ही हातांनी मी होडी धरली होती. हे ऐकायला विनोदी वाटतं. तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता.

मला त्या क्षणी आमची केळी आठवली. खरं सांगतो. मी दहावीत असताना मे महिन्यात संध्याकाळी असंच मळभ आलं, वारा एकदम पडला, मग धुळीची भिंत आली. दहा-बारा मिनिटं. बाबांची निसवलेली केळी, घड लागलेले, सगळी आडवी. केळीचं खोड म्हणजे नुसती पानांची गुंडाळी, मुळं उथळ, आणि वर घडाचं वजन. वाऱ्याला आणखी काय पाहिजे? केळीच्या हवामान विम्यात ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याला नुकसानीचा वारा मानतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, शेतातून माहीत होतं, आणि तरी मी काठावर उभा राहून 'बघू तरी' म्हणालो होतो.

काका ओरडले, धरा. आणि त्यांनी लगेच वळवली नाही. मला वाटलं, अहो वळवा ना! ते थांबले. एक लाट गेली, दुसरी, तिसरी मोठी, आणि तिच्या मागे जरा सपाट पाणी आलं तेव्हा त्यांनी सुकाणू दाबलं. होडी लाटेला आडवी असते ते चार-पाच सेकंद सगळ्यात वाईट. त्यासाठी ते जागा शोधत होते. आम्ही फिरलो. मागून एक लाट आत आली, सगळे घोट्यापर्यंत पाण्यात, पण फिरलो. मग किल्ल्याच्या आडोशाला आलो आणि तिथे पाणी असं, की जणू काही झालंच नाही. राजपुरीच्या धक्क्यावर एक बाई आपल्या पोराला कुल्फी घेऊन देत होती.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. रिक्षात मित्र बोलला, आणि जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. गाडी चुकली.

रात्री काका अंगणात बसले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, तुझा काय, मीच निघालो ना. मग ३ जून २०२० चं बोलत राहिले. निसर्ग वादळाचा दिवस. त्या वादळात मुरूड-श्रीवर्धनच्या नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, घरांचे पत्रे उडाले. त्यांच्या भावाची पोफळीची वाडी त्यातच गेली. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला कितीतरी वर्षं जातात. मी त्यांना आमच्या केळीचं सांगितलं. केळी निदान पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते, मी म्हणालो. ते म्हणाले, "तुमच्याकडं जमीन तापतं म्हणून हा वारा येतं ना? मग तुम्हीच बोलावता त्याला." अर्धं खरं आहे ते. रोजचा खारा वारा तिथल्याच तापलेल्या जमिनीमुळे येतो, पण मार्च ते मे आतला सगळा प्रदेश भाजून निघतो तेव्हा किनाऱ्यावरचा दुपारचा वायव्येचा वारा आणखी जोर धरतो.

यावलच्या भावा, तुझं उत्तर. सकाळी जा. तिथी बघून जा, दुपारची ओहोटी आणि उधाण एकत्र येत असेल तर खाडीच्या तोंडाकडे जाऊच नको. फोनवर बघायचंच असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे समुद्राचे इशारे बघ, ते मच्छीमारांसाठीच असतात. मे संपत आला की पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या बंदच होतात, तेव्हा कोणी 'नेतो चल' म्हणालं तरी बसू नको. जॅकेटवर बसू नको. आणि नाखवा नाही म्हणाला की दुसरा नाखवा शोधू नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही राजपुरीहून होडी परत नेली. पाणी ताटासारखं. मतलई पाठीला. जिथे आदल्या दिवशी माझी बोबडी वळली होती तिथे काकांनी सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः विडी पेटवली. मी जॅकेटचं बक्कल तीनदा तपासलं होतं.

घरी आलो, बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "लाट केवढी व्हती?" मी हात वर करून दाखवला. ते बघत राहिले आणि म्हणाले, "मंग घड वाचला म्हन्याचा."

चला, पंखा आता मोठा करतो. पुढच्या शुक्रवारी भेटू.