यंत्रांची परीक्षा घेणारें यंत्र



प्रश्नाचें उत्तर परीक्षकास आधींच ठाऊक नसेल, तर विद्यार्थ्याची पारख होत नाहीं. विजेच्या उपकरणांनाही हाच न्याय लागू आहे. ध्वनिवर्धकांतून आवाज फाटका येऊं लागला, तर दोष ध्वनिवर्धकाचा कीं त्याला पुरविलेल्या आवाजाचा? हें ठरविण्यासाठीं ज्याचा आकार, उंची आणि गति आपणांस ठाऊक आहे असा विद्युत्-तरंग त्याला द्यावा व बाहेर काय पडतें तें पाहावें. असे तरंग निर्माण करणाऱ्या, टेबलावर मावणाऱ्या पेटीस फंक्शन जनरेटर म्हणतात. आपण तिला तरंगजनक म्हणूं.

तिची एक नामांकित पूर्वज अमेरिकेंतील विल्यम ह्यूलेट यांनीं तयार केली व १९३९ सालीं ती विक्रीस आली. तींत त्यांनीं विजेचा एक लहानसा दिवा बसविला होता. तरंग जोर करूं लागला कीं दिव्याची तार तापे, तिचा विरोध वाढे आणि तरंग आपोआप आवरला जाई. याच जातीचीं ८ यंत्रें वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें १९४० च्या ‘फॅन्टेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठीं घेतलीं.

त्या यंत्रांतून निघे तो गोलाईदार तरंग. पुढील तरंगजनक चौकोनी व त्रिकोणी तरंगही देऊं लागले. यांत चौकोनी तरंग मोठा कडक परीक्षक! ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याचे कोपरे गोल झालेले दिसले, तर उपकरणास जलद कंपनें झेपत नाहींत. सपाट माथा कलला, तर मंद कंपनें झेपत नाहींत.

आजच्या यंत्रांत याहून पुढची सोय आहे. आपल्याला हवा तो आकार आकड्यांच्या रूपानें त्यांत साठवितां येतो. प्रत्येक आकडा म्हणजे एका क्षणाचा विद्युद्दाब. यंत्र सेकंदास कोट्यवधि आकडे वाचून तेवढा तेवढा दाब बाहेर देतें. ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच हा प्रकार. ठिपके विरळ पडले, तर नाजूक वळण हरवतें.

याचें मोल रुग्णालयांत कळतें. रुग्णाच्या उशाशीं हृदयाचे ठोके दाखविणारें यंत्र असतें. त्याला त्वचेवरून मिळणारा दाब सुमारें १ व्होल्टच्या सहस्रांशाइतका सूक्ष्म. ठोके बिघडतांच त्यानें इशारा दिला पाहिजे. देईल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं कोणाचें हृदय बिघडण्याची वाट कां पाहावी? एकदां नोंदलेले विस्कळित ठोके तरंगजनकांत भरावे, दाब योग्य तितका कमी करावा आणि कार्यशाळेंतच, रुग्ण जोडलेला नसतां, तेच ठोके हवे तितक्या वेळां यंत्रास ऐकवावे. इशारा वाजला नाहीं, तर दोष टेबलावर सांपडला. मध्यरात्रीं खाटेपाशीं नव्हे.

मात्र तरंगजनक विचारतो तो प्रश्न आपणच निवडलेला असतो. सोपाच प्रश्न घातला, तर कच्चें यंत्रही उत्तीर्ण होईल. म्हणून ज्या उपकरणावर कोणाचा जीव अवलंबून आहे, त्याला अवघड प्रश्न अवश्य विचारावे, आणि तेही वेळ येण्यापूर्वीं.