अफवेनं घेतलेले पाच जीव
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणातून)



मी सूतगिरणीतला कामगार, फार शिकलेला नाही. जे वाचलं ते पाळी आटोपून. आज पिंपळावरच्या भुताबद्दल बोलणार नाही. भूत आता फोनमधून येतं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आलेली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं चोरणारी टोळी आली, असा गलका झाला. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही जण गेले.

त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवाले रस्त्यावरून लेकरू उचलून नेतात. तो होता पाकिस्तानातल्या कराचीचा, मुलं सांभाळा असं सांगणारी जाहिरात! शेवटी ते लेकरू परत आणून देतात. तेवढाच तुकडा कुणीतरी कापला. आपल्याकडेही बाया सांगतच असतात, “पाहा न भाऊ, लेकरं चोरून नेऊन राह्यले!”

आईबापाची भीती खरीच असते, तिला मी हसत नाही. पण तो संशय फाटक्या कपड्यावर, परक्या बोलीवरच का बसतो? आपले आजे-पणजे गावात शिरताना लोक कसे पाहत, हे विसरलो काय?

आपल्याच जिल्ह्यात 2012 साली घाटंजी तालुक्यात सात वर्षांच्या मुलीचा नरबळी गेला. पुढच्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठं जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा बुवाला धरतो. पण अफवेला बुवा नसतो, ती तुमच्या-माझ्या अंगठ्यानं पुढं जाते. जुलै 2018 मध्येच कंपनीनं एका वेळी पाच जणांनाच निरोप पाठवता येईल असं केलं. पण पाचाचे पंचवीस व्हायला किती वेळ लागतो? बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलं, तेही ठाऊक आहे. आणि सकाळी उठून आपण पुढं काय पाठवतो, ते ज्यानं त्यानं आपल्या फोनमध्ये पाहावं.

आता कामाचं. वस्तीत कुणी बहुरूपी, फकीर, गोसावी आला आणि ओरडा झाला, तर दोघा-चौघांनी आधी त्याच्याभोवती उभं राहायचं. एकानं 112 ला फोन लावायचा. त्यासाठी तरुणांची आणि बायांचीही नावं पाहिजेत. वही दाराजवळ ठेवली आहे, जाताना लिहून जा. जयभीम.