अग्नींतील गीत



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आनंदावर चार शब्द बोलावे, अशी आपली आज्ञा झाली. ती आम्ही शिरसावंद्य मानतों. परंतु या विषयावर बोलतांना एका माउलीचा प्रश्न आठवल्यावांचून राहत नाहीं. एका पावसाळ्यांत तिचा तरुण पुत्र चिंचोटीच्या धबधब्याखालीं बुडाला. अंत्यविधीनंतर ती आम्हांस म्हणाली, "फादर, मोशेसाठीं देवानें दर्या दुभंगला. माझ्या पोरासाठीं एवढासा ओढा त्याला अडवतां आला नाहीं का?" सेमिनरींत आम्ही जें शिकलों, त्यांतील एकही वाक्य त्या वेळीं आमच्या मुखांतून निघालें नाहीं, आणि तें बरेंच झालें.

इस्राएल लोक समुद्र ओलांडल्यावर गायले. मिर्यामेनें डफ घेतला, स्त्रिया नाचल्या. सुटका डोळ्यांनीं पाहिलेल्यांचा तो आनंद! पण निर्गमाचा तोच १५ वा अध्याय पुढें वाचा. अवघे तीन दिवस रानांत पाण्यावांचून गेले, माराचें पाणी कडू लागलें, आणि तेच लोक कुरकुरूं लागले.

आतां दानीएलाच्या ग्रंथांतील तीन तरुणांकडे पाहा. भट्टी धगधगत असतां ते राजास सांगतात कीं, आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. पण त्यानें न सोडविलें तरीही तुझ्या सुवर्णमूर्तीपुढें आम्ही वांकणार नाहीं. त्यांचें स्तोत्र भट्टीबाहेर आल्यावरचें नव्हे; तें ज्वाळांमध्यें उभे राहून गायिलेलें आहे. (प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलांत तें त्या ठिकाणीं सांपडत नाहीं, म्हणून कोणी गोंधळूं नये.)

मे १७३९ मध्यें वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या हातीं आला व पोर्तुगीज निघून गेले. तहांत धर्मपालनाची मोकळीक होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि राजसत्तेचा आधार गेला, किल्ल्यांतील मंदिरें पुढें ओस पडलीं. आपले पूर्वज मात्र येथेंच राहिले आणि एतद्देशीय धर्मगुरूंच्या साहाय्यानें श्रद्धेंत टिकले. पुढें काय होणार, हें त्यांना कोणीं सांगितलें होतें? वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ सालीं.

पास्काच्या जागरणविधींत समुद्र दुभंगल्याचें वाचन नियमानें वगळतां येत नाहीं. त्या पावसाळ्यानंतरच्या पास्कास तें सुरू होतांच आमची दृष्टि त्या माउलीकडे गेली. ती मान खालीं घालून बसली होती. वाचन संपून मोशेचें गीत सुरू झालें. पहिल्या कडव्यास तिचे ओठ मिटलेलेच होते. दुसऱ्यास ते हलले.